पंपाची खोली

(मनमाड इथं आय.टी.आय.च्या मुलांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)

मला भाषण करायची सवय नाही. मला इंजिनाचा आवाज ऐकायची सवय आहे. तीस वर्षं झाली, डिझेलचा वास अंगाला चिकटलाय. बायको म्हणते, तुम्ही अंघोळ करून आलात तरी कळतं कुठून आलात. तेव्हा आज मी जे बोलणार ते गॅरेजच्या भाषेतच बोलणार. कुणाला टोचलं तर टोचू द्या.

तुमच्यातले बरेच जण डिझेल मेकॅनिकचा कोर्स करताहेत. एक वर्षाचा कोर्स, दहावी पास. त्याच्यापुढं शिकाऊ उमेदवारी, म्हणजे अप्रेंटिसशिप. आणि त्याच्यापुढं काय? त्याच्यापुढं अंधार. सर्टिफिकेट प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून या गेटवरून त्या गेटवर. गेटवरचा वॉचमन विचारतो, कुणाच्या ओळखीनं आलास? साहेब विचारतो, अनुभव किती? आणि आतल्या खुर्चीवरचा विचारतो, आडनाव काय म्हणालास?

दुसरीकडं मालक लोक बोंबलत असतात की कुशल माणूस मिळत नाही. गॅरेजवाला म्हणतो, मेकॅनिक मिळत नाही. ट्रान्सपोर्टवाला म्हणतो, गाड्या उभ्या आहेत, पोरं कामाला यायला तयार नाहीत. म्हणजे इकडं हजारो पोरं बेकार, तिकडं हजारो गाड्या उभ्या. दोघंही खरं बोलत असतील तर मधे कुणीतरी भिंत घातलीय. मी आज त्या भिंतीबद्दल बोलणार आहे.

मी १९९३ साली आय.टी.आय. पास झालो. वर्षभर एका वर्कशॉपमध्ये शिकाऊ होतो. नाव सांगत नाही. नाव सांगून काय होतं? तसली वर्कशॉपं गावोगाव होती. आम्ही एका वर्गातले अकरा जण तिथं लागलो. पहिल्या दिवशी फोरमननं रजिस्टर उघडलं, एकेकाचं नाव वाचलं, आणि नाव वाचता वाचताच वाटणी केली. काही जण इंजिन सेक्शनला. दोघं पंपाच्या खोलीत. मी आणि माझ्यासारखी आणखी तिघं धुलाईला.

धुलाई म्हणजे काय ते तुम्हाला ठाऊक आहे. वॉशिंग रॅम्पवर गाडीच्या खाली शिरायचं, चिखल खरवडायचा, ग्रीस मारायचं. रॉकेलच्या ट्रेमध्ये दिवसभर पार्ट धुवायचे. संध्याकाळी हाताची कातडी कांद्याच्या सालीसारखी निघायची. धुतलेला पार्ट आत जायचा. आत तो कुठं बसतो, का झिजला, किती गेज ठेवायचं, हे आम्हाला कुणी सांगायचं नाही.

आणि ती पंपाची खोली! तुमच्यातल्या ज्यांनी जुनं काम पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. जुन्या डिझेल इंजिनाचा जीव त्याच्या फ्युएल पंपात आणि नोझलमध्ये असायचा. पंप टेस्ट बेंचवर चढवायचा, प्रत्येक सिलिंडरला सारखं डिझेल जातंय का ते काचेच्या नळ्यांत मोजायचं, नोझल किती दाबाला फुटतो ते बघायचं. साधारण दोनशे बारच्या आसपास. हे काम ज्याला आलं तो राजा. त्याला पगार जास्त, त्याचे कपडे स्वच्छ, त्याला मालकसुद्धा अहोजाहो करणार. त्या खोलीला दार होतं आणि दाराला आतून कडी होती. मी एकदा धुतलेले नोझल घेऊन आत पाय टाकला तर आतला मिस्त्री खेकसला, "बाहेर थांब, धूळ येतीय."

धूळ. माझ्याबरोबर वर्गात बसलेला, माझ्याच वहीतून परीक्षेला उतरवून घेणारा पोरगा आत उभा होता. त्याच्या पायाला धूळ नव्हती. माझ्याच पायाला होती.

तेव्हा मला राग आला, पण कळलं काही नाही. कळलं फार उशिरा, वाचायला लागल्यावर. दोस्तहो, मुंबईच्या गिरण्यांमध्ये अस्पृश्यांना विणकाम खात्यात घेत नव्हते. कारण काय? धोट्यातला धागा तोंडानं ओढावा लागायचा, आणि एकाच्या तोंडचा धोटा दुसऱ्याच्या तोंडाला लागणार. विटाळ होणार! म्हणून ज्या खात्यात जास्त पगार ते खातं बंद. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न संपवाल्या पुढाऱ्यांच्या तोंडावर फेकला की तुमच्या मागण्यांत ही मागणी घाला. आणि हे तुमचं मनमाड. याच मनमाडात फेब्रुवारी १९३८ मध्ये जी.आय.पी. रेल्वेच्या अस्पृश्य कामगारांची परिषद झाली. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे दोन शत्रू बाबासाहेबांनी इथंच सांगितले. ते वाक्य सगळ्यांना पाठ असतं. पण त्याच भाषणातली दुसरी गोष्ट कुणी सांगत नाही. रेल्वेतला अस्पृश्य माणूस गँगमन म्हणून राबतो, त्याला पोर्टरसुद्धा करत नाहीत, कारण पोर्टरला स्टेशन मास्तरच्या घरची कामं करावी लागतात. आणि वर्कशॉपमध्ये तो मेकॅनिक म्हणून जवळजवळ दिसत नाही, हमाल म्हणून दिसतो. हे त्यांनी त्या कामगारांना त्यांच्याच पोटाच्या भाषेत सांगितलं.

गिरणीचं विणकाम खातं, रेल्वेचं वर्कशॉप, माझी पंपाची खोली. दार एकच आहे, फक्त पाटी बदलत जाते.

वर्ष संपलं. शिकाऊचा दाखला मिळाला. साहेब म्हणाला, "आता जा." अप्रेंटिसचा कायदा १९६१ चा. त्या कायद्यात लिहिलंय की शिकाऊ हा कामगार नव्हे, आणि त्याला नोकरी देणं मालकावर बंधनकारक नाही असंही तेव्हा त्यात लिहिलेलं होतं. म्हणजे वर्षभर राबवायचं आणि पुढच्या वर्षी नवीन पोरं आणायची. स्वस्त हातांचा कधी न आटणारा झरा! मधे २०१३ मध्ये 'नीम' नावाची योजना आली. तिच्यात तर प्रशिक्षणार्थी या नावाखाली पोरं कारखान्यांत लाइनवर उभी केली गेली. पुढं ती गुंडाळली. पण योजना गुंडाळली म्हणून सवय गुंडाळली जात नाही.

पण एक गोष्ट लक्षात ठेवा, आणि लिहून घ्या. उत्तर प्रदेशच्या एस.टी. महामंडळातल्या शिकाऊ पोरांनी भांडून भांडून सुप्रीम कोर्टापर्यंत मजल मारली होती. १९९५ मध्ये निकाल लागला. कोर्टानं सांगितलं की इतर सगळं सारखं असेल तर बाहेरच्या उमेदवारापेक्षा शिकाऊला प्राधान्य द्या, एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजमधून नाव आलं पाहिजे असा हट्ट धरू नका, आणि वयात सवलत द्या. २०१४ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली. आता कलम २२ प्रमाणं प्रत्येक मालकानं शिकाऊंना कामावर घेण्याबद्दल स्वतःचं धोरण ठरवायचं आहे. तुमच्यापैकी किती जणांनी मालकाकडं ते धोरण लेखी मागितलं? एकानंही नाही. मला माहीत असतं तर मी मागितलं असतं. मला कुणी सांगितलंच नाही. म्हणून मी तुम्हाला सांगतोय.

आणि २० मार्च २०१८ आठवा. रेल्वेची शिकाऊ उमेदवारी केलेली पोरं मुंबईत दादर-माटुंग्याच्या रुळांवर उतरली. लोकल बंद पडल्या. पोरांनी लाठ्या खाल्ल्या. दुसऱ्या दिवशी पेपरात काय आलं? प्रवाशांचे हाल. पोरं वर्षानुवर्षं वीस टक्के कोट्याच्या टांगणीला लागली होती, ते हाल कुणाला दिसले नाहीत. त्याच वर्षी रेल्वेनं लोको पायलट आणि तंत्रज्ञांची भरती काढली. जाहिरातीत जागा २६,५०२, पुढं वाढवून ६४,३७१. अर्ज किती? ४७ लाखांच्या वर. ही नोकरभरती म्हणायची की लॉटरी?

आता म्हणतात, डिझेल संपलं. गाड्या विजेवर चालणार. रेल्वेचं विद्युतीकरण जवळपास पुरं झालंय. देशातल्या सगळ्यात मोठ्या मोटार कंपनीनं एप्रिल २०२० पासून डिझेलच्या गाड्या विकणं बंद केलं. दिल्लीत दहा वर्षांपेक्षा जुन्या डिझेल गाडीवर बंदी आली. हे सगळं खरं आहे. पण तुमच्या दारात बघा. या पानेवाडीच्या डेपोंतून टँकर निघतात ते कशावर चालतात? कांद्याचा ट्रक कशावर? शेतातला ट्रॅक्टर, खणणारं जे.सी.बी., लग्नाच्या मांडवामागचं जनरेटर कशावर? डिझेल इतक्यात मरत नाही. मरतोय तो डिझेल मेकॅनिकचा पगार. आणि "डिझेल संपलं" ही आरोळी पगार पाडायला फार कामाला येते.

खरी गोष्ट एस.टी.कडं बघा म्हणजे कळेल. १ जून १९४८ ला पुण्याहून तेव्हाच्या अहमदनगरला पहिली एस.टी. धावली. दापोडी, चिकलठाणा, हिंगणा इथं मोठ्या मध्यवर्ती कार्यशाळा उभ्या राहिल्या. गावोगावच्या डेपोंत मेकॅनिक लागले, हेल्पर लागले. त्यात आपली माणसं लागली. का लागली? कुणाच्या मेहरबानीनं नाही. बिंदुनामावली होती म्हणून लागली. त्या खाकी कपड्यांवर आपल्या वस्तीतली पहिली पक्की घरं उभी राहिली. माझा मामा त्यातलाच.

बरोबर चौऱ्याहत्तर वर्षांनी, १ जून २०२२ ला, त्याच रस्त्यावर विजेची शिवाई धावली. मीही टाळ्या वाजवल्या. धूर नाही, आवाज नाही. पण मग विचारलं, ही गाडी कुणाची? भाड्याची. दुरुस्ती कोण करणार? ज्याची गाडी तो. म्हणजे दुरुस्तीचं काम सरकारी डेपोतून उठून खाजगी कंपनीच्या हातात गेलं. आणि खाजगी कंपनीत बिंदुनामावली नाही. इंजिनाबरोबर आरक्षणही उतरवून ठेवलं, आणि कुणाला आवाजसुद्धा आला नाही. विजेची गाडी बिनआवाजाची असते, म्हणतात ते असं!

कुणी म्हणेल, खाजगीत गुणवत्ता बघतात, जात बघत नाहीत. त्याला सांगा, सुखदेव थोरात आणि पॉल अॅटवेल यांचा अभ्यास २००७ मध्ये छापून आलाय. पेपरातल्या खाजगी नोकऱ्यांच्या जाहिरातींना त्यांनी अर्ज पाठवले. शिक्षण सारखं, लायकी सारखी, फक्त आडनाव वेगळं. दलित आडनावाच्या अर्जाला पुढचं बोलावणं येण्याचं प्रमाण सवर्ण आडनावाच्या तुलनेत दोन तृतीयांशाच्या आसपास, आणि मुसलमान नावाचं एक तृतीयांश. ते अर्ज पदवीधरांचे होते. कागद बोलत होता, माणूस समोर नव्हता. आपल्या धंद्यात तर कागदसुद्धा नसतो. आपल्याकडं सगळं ओळखीवर. मिस्त्री आपल्या पाव्हण्याचा पोरगा आणतो, मालक आपल्या गावचा. ज्याचा कुणी पाव्हणा पंपाच्या खोलीत नाही तो कायमचा रॅम्पवर.

इथपर्यंत तुम्ही टाळ्या वाजवल्यात. आता जे सांगणार त्याच्यावर टाळ्या नकोत.

मी २००५ मध्ये हायवेला स्वतःचं गॅरेज टाकलं. त्याआधी आठ वर्षं एका ठिकाणी कंत्राटावर होतो. दर अकरा महिन्यांनी ब्रेक. गॅरेज टाकलं तेव्हा शपथ घेतली होती की माझ्याकडं असली खोली नसेल. टँकरवाले यायला लागले, नाव झालं. एप्रिल २०२० पासून बी.एस. ६ आलं. आता पंप तो पंप राहिला नाही. कॉमन रेल, दाब सोळाशे-दोन हजार बारपर्यंत. सेन्सर, ई.सी.यू., धुराड्यात फिल्टर, युरियाची टाकी. गाडीला काय झालंय ते आता कान सांगत नाही, स्कॅनर सांगतो. मी कर्ज काढून स्कॅनर घेतला, लॅपटॉप घेतला. आणि त्याला कुलूप लावलं.

तीन वर्षांपूर्वी एक पोरगा आला. डिझेलचं आय.टी.आय. केलेला. पारधी वस्तीतला. मी त्याला काय विचारलं असेल? मी विचारलं, "कुणाच्या ओळखीनं आलास?" माझ्या तोंडातून तोच प्रश्न गेला. माझ्या लक्षातसुद्धा आलं नाही.

एके दिवशी एक बी.एस. ६ टँकर मिस मारत होता. माझा हात सवयीनं पान्याकडं गेला. जुन्या इंजिनात आम्ही चालू गाडीवर एकेका नोझलच्या पाइपाचा युनियन नट ढिला करायचो. आवाज बदलला नाही तो सिलिंडर मेला, हे ओळखायचो. मी नटाला पाना लावला आणि हा पोरगा ओरडला, "उस्ताद, खोलू नका! कॉमन रेल हाय. हातातनं आरपार जाईल."

तो बरोबर होता. त्या दाबाची धार कातडी फाडून आत शिरते, बोट नाहीतर हात जाऊ शकतो. त्यानं माझा हात वाचवला. आणि मी काय केलं? चार गिऱ्हाइकांसमोर कालच्या पोरानं उस्तादाला शिकवलं याचा मला राग आला. दुसऱ्या दिवसापासून मी त्याला धुलाईला टाकलं. आठ महिने. स्कॅनरला हात लावू दिला नाही. तो रोज संध्याकाळी हात धुऊन लॅपटॉपच्या दारात उभा राहायचा. मी म्हणायचो, "बाहेर थांब."

मग एक दिवस १३-१४ चा पाना हरवला. मी काही बोललो नाही. फक्त त्याच्याकडं बघितलं. बाकीच्यांनीही बघितलं. इंग्रजांनी १८७१ मध्ये कायदा करून त्याच्या जातीला जन्मानं गुन्हेगार ठरवलं. १९५२ मध्ये तो कायदा गेला असं पुस्तकात लिहिलंय. माझ्या डोळ्यांतून तो गेला नव्हता. पोरगा काही बोलला नाही. त्यानं स्वतःची पिशवी उलटी करून जमिनीवर रिकामी केली. जेवणाचा डबा, टॉवेल आणि आय.टी.आय.चं पुस्तक. आणि तो गेला.

पाना चार दिवसांनी सापडला. त्याच टँकरच्या चॅसिसवर मीच विसरलो होतो. ड्रायव्हरनं आणून दिला.

दोस्तहो, पंपाच्या खोलीची कडी आतून असते असं मी मघाशी म्हणालो. ती कडी माझ्या हातात आली तेव्हा मीही ती लावली. व्यवस्था, व्यवस्था म्हणून आपण घसा कोरडा करतो. व्यवस्था म्हणजे कुठं दिल्लीत बसलेलं भूत नाही. ज्याच्या खाली एक तरी माणूस आहे त्या प्रत्येकाच्या हातात तिचा एकेक पाना दिलेला आहे.

म्हणून मी आता नुसतं भाषण करून जाणार नाही. चार गोष्टी सांगतो.

पहिली. शिकाऊ म्हणून लागाल तेव्हा कराराची प्रत हातात घ्या. रोज काय काम केलं ते वहीत तारीख घालून लिहा. महिनाभर धुलाईच लिहावी लागली तर ती वही घेऊन सगळे मिळून साहेबापुढं उभे राहा. एकटा गेला तर हाकलतील, सगळे गेलात तर ऐकावं लागेल.

दुसरी. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता लागू झाल्यात. त्यात आपल्याला घातक बरंच आहे. कंत्राटी कामगारांचा १९७० चा मूळ कायदा वीस माणसांपासून लागू व्हायचा, नव्या संहितेत ती संख्या पन्नास केलीय. म्हणजे एकोणपन्नास माणसांचे ठेकेदार आता उगवतील. पण दहा माणसांच्या पुढच्या जागी नेमणूकपत्र देणं बंधनकारक केलंय, आणि ठरावीक मुदतीच्या कामगाराला वर्षभरानं ग्रॅच्युइटी ठेवलीय. जे मिळतंय ते सोडू नका. नेमणूकपत्र मागा. पगाराची पावती मागा. पी.एफ. कापतो म्हणाला तर नंबर मागा.

तिसरी. सरकारी काम ठेकेदाराला दिलं की आरक्षण संपतं, हे आपण मुकाट्यानं सोसता कामा नये. पैसा जनतेचा, रस्ता जनतेचा, प्रवासी जनता. मग दुरुस्तीच्या कामात आमचा वाटा का नाही? ही मागणी युनियनच्या सनदेत घाला. १९२८ मध्ये घालायला लावली तशी.

चौथी. येत्या रविवारपासून माझ्या गॅरेजमधला लॅपटॉप उघडा आहे. दर रविवारी सकाळी या. स्कॅनर लावायला शिका. विजेच्या गाडीचंही शिकू, मला येत नाही, तुमच्याबरोबर मीही शिकेन. या भागातली आपली पाच-सहा गॅरेजं आहेत. प्रत्येकानं वेगळं कर्ज काढण्यापेक्षा मिळून एक चांगला स्कॅनर घेऊ. ज्ञान कुलपात ठेवणारे ते, आपण नव्हे, असं आपण म्हणतो ना? मग दाखवून देऊ.

राहता राहिला तो पोरगा. मी त्याला शोधत गेलो. पार्सल पोचवायचं काम करतो, दिवसभर मोटरसायकलवर. मी त्याची माफी मागितली. म्हणालो, परत ये, इंजिनावर ये, स्कॅनर तुझ्या हातात देतो. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "पगार किती देनार? लिवून द्या."

माझ्या गॅरेजमध्ये सहा माणसं. कायदा मला लागू नाही. पण मी घरी आलो आणि जन्मात पहिल्यांदा नेमणूकपत्र लिहिलं. पद लिहिलं, डिझेल मेकॅनिक. पगार लिहिला. सुट्टीचा वार लिहिला. ते त्याला नेऊन दिलं.

तो अजून आलेला नाही. विचार करतो म्हणालाय. तो त्याचा हक्क आहे. मी वाट बघतोय.

जय भीम.